मंडळ्या का मोडतात?

गेल्या वसंतात संगीत रंगभूमीवरील आमचे व्याख्यान आटोपल्यावर मंडपाबाहेर चहाच्या टपरीपाशी दोन तरुणांनी आम्हांला गाठले. दोघेही चाकणच्या एका कारखान्यात कामाला. दिवसा यंत्रावर आणि रात्री गिटारवर, असा त्यांचा परिपाठ. चिखलीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा पाच जणांचा बँड चार वर्षे तालीम करीत होता आणि तो नुकताच मोडला होता. त्यांतील एक जण म्हणाला, "काका, जुन्या नाटक मंडळ्या कशा निघाल्या ते तुम्ही छान सांगितलेत. पण त्या मोडल्या का, ते मात्र राहिलेच." दुसरा काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "आमच्यात चूक कोणाची झाली तेच आम्हांला अजून ठरवता येत नाही."

त्या वेळी आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला. चार माणसे एकत्र येतात, जिवाभावाने काही उभे करतात आणि एके दिवशी एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात, हे काही त्या पाच मुलांपुरते नाही. आपल्या गावातील भजनी मंडळे, कारखान्यांतील नाट्यमंडळे, भागीदारीतली दुकाने, सर्वांच्या वाट्याला हे येते. म्हणून ज्यांचा इतिहास आपणांस चांगला ठाऊक आहे त्या मराठी नाटक मंडळ्यांकडेच हा प्रश्न घेऊन जावे, असे आम्ही ठरविले.

प्रथम मंडळी म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला, तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास आपण मोजतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. आज आपण 'नाटक कंपनी' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे एक निर्माता आणि त्याने गोळा केलेले नट येतात. जुनी मंडळी तशी नव्हती. ती एकाच वेळी तीन गोष्टी होती. ती एक धंदा होती, कारण तिच्यात मालक, भागीदार आणि पगारी नट असत. ती एक शाळा होती, कारण कोवळ्या वयाची मुले तेथे येत आणि गाणे, बोलणे, चालणे तेथेच शिकत. आणि ती एक घर होती. गावोगाव बिऱ्हाड हलवायचे, एका पंगतीत जेवायचे, एकाच छपराखाली निजायचे. आजाऱ्याची शुश्रूषा मंडळीने करायची आणि लग्नकार्यही मंडळीनेच पाहायचे.

या तिन्हींचा मेळ जोवर बसतो तोवर मंडळी अभंग दिसते. पण त्यातच फुटीचे बीजही असते. धंद्यात हिशेब लागतो, शाळेत शिष्य गुरूपुढे जाऊ पाहतो आणि घरात मानापमान असतो. म्हणजे भांडणाची तीन दारे एकाच वास्तूला. अशी वास्तू मोडली याचे नवल करण्याऐवजी ती इतकी वर्षे टिकली कशी याचे नवल करावे!

आता एक फूट जवळून पाहू. किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांचे 'मानापमान' प्रथम केले. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, लक्ष्मीधर गणपतराव बोडस आणि पदांना चाली गोविंदराव टेंब्यांच्या. याहून भक्कम जुळणी कोणती असावी? मंडळी वैभवाच्या शिखरावर होती. आणि दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व, बोडस आणि टेंबे हे तिघेही किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

मध्यंतरी काय झाले? एक गोष्ट अशी झाली की, १९११ सालीच जोगळेकरांचे निधन झाले. जोगळेकर नट होते, तसेच चालकांपैकीही होते. रंगपटात बसणारा आणि हिशेबाच्या गादीवरही बसणारा असा तो माणूस होता. नटांची बाजू चालकांना आणि चालकांची अडचण नटांना सांगू शकेल अशी व्यक्ती मंडळीत फार मोलाची असते. तिचे मोल ती असताना कोणाला कळत नाही. ती गेली की दोन्ही बाजू एकमेकींसमोर उघड्या पडतात, आणि पूर्वी जी गोष्ट जेवताना सहज मिटली असती ती आता नोटिशीने सांगावी लागते.

हा योग केवळ आपल्याकडचाच नाही. आमच्या त्या दोन तरुण मित्रांच्या दैवतांचे उदाहरण घ्या. लिव्हरपूल शहरातील 'बीटल्स' या चौघांच्या बँडने १९६० नंतरच्या दशकात सारे जग वेडे केले. त्यांचा कारभार पाहणारा ब्रायन एप्स्टाइन १९६७ च्या ऑगस्टमध्ये वारला. पुढे पैशाचा कारभार कोणी पाहावा यावरून चौघांत दुफळी माजली आणि १९७० मध्ये बँड मोडला. ज्यांनी जगाला प्रेमाची गाणी ऐकविली ते अखेरीस न्यायालयात उभे राहिले. कोठे किर्लोस्कर मंडळी आणि कोठे बीटल्स! वेष निराळा, वाद्ये निराळी. पण मधला माणूस गेला आणि तीन वर्षांच्या आत घर दुभंगले, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी.

दुसरे कारण म्हणजे एका गळ्याचे मोठेपण. मंडळीत एखाद्याचा लौकिक मंडळीहून मोठा झाला की तोल जातो. लोक मंडळीच्या नावाने तिकीट काढीत नाहीत, त्या एकाच्या नावाने काढतात. मग त्याला वाटते, 'मी यांना पोसतो'. आणि इतरांना वाटते, 'आम्ही याला उभा केला.' दोन्ही खरे असते, म्हणूनच भांडण मिटत नाही. गंधर्व मंडळीतही तेच झाले. तीन भागीदारांपैकी टेंबे लवकरच बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे बोडसही गेले. उरले ते बालगंधर्व. म्हणजे भागीदारी जाऊन एका माणसाचे राज्य आले.

तिसरे कारण हिशेबाचे. येथे बालगंधर्वांचा मोठेपणा आणि त्यांचे दैव एकाच ठिकाणी दिसते. उंची शालू, अत्तरे, भरजरी पडदे, तबल्याला अहमदजान थिरकवांसारखा वादक, भास्करबुवा बखल्यांसारख्या गायकाच्या चाली. प्रेक्षकाला जे द्यायचे ते अस्सलच द्यायचे, असा त्यांचा बाणा. त्या बाण्याने मराठी माणसाच्या कानाची आणि डोळ्यांची अभिरुची घडविली, हे ऋण आपण विसरू नये. पण त्याच बाण्याने मंडळीवर कर्जाचा डोंगर चढविला. कलावंताने हिशेब पाहू नये हे म्हणायला बरे दिसते; परंतु कोणीच हिशेब पाहिला नाही तर सावकार तो पाहतो.

येथवर ऐकणाऱ्याला वाटेल, की फूट ही सर्वस्वी वाईटच. तसे मात्र नाही, आणि आमच्या मते या विषयातील खरी मेख येथेच आहे. १९०८ ते १९१८ ही दहा वर्षे पाहा. केशवराव भोसले स्वदेश हितचिंतक मंडळीतून बाहेर पडले आणि १९०८ मध्ये हुबळीस ललितकलादर्श निघाली. १९१३ मध्ये किर्लोस्करांतून गंधर्व निघाली. गंधर्वांतून टेंब्यांची शिवराज निघाली. १९१८ मध्ये किर्लोस्करांतून पुन्हा एकदा मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. फुटीमागून फूट! आणि तरीही याच काळाला आपण संगीत रंगभूमीचे सुवर्णयुग म्हणतो. प्रत्येक फुटीबरोबर एक नवी मंडळी, नवी नाटके, नवी गायकी प्रेक्षकांना मिळत गेली. खाडिलकरांचे 'स्वयंवर' १९१६ चे, गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ चे.

इतकेच नव्हे, फुटलेल्यांना आणि चुरशीने लढणाऱ्यांना पुन्हा जवळही येता येत असे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. ललितकलादर्शचे केशवराव धैर्यधर आणि गंधर्वांचे नारायणराव भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर, आणि चुरस कोणती, तर गाण्याची. तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव निवर्तले, म्हणून तो खेळ लोकांच्या आठवणीत अधिकच कोरला गेला.

मग पुढे काय बिघडले? माणसे तीच होती. त्यांचे स्वभाव काही एकाएकी वाईट झाले नाहीत. बिघडला तो काळ. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला बोलपट लागला. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि त्यात हरिश्चंद्र झाले होते ते आपले गोविंदराव टेंबे! म्हणजे नव्या कलेला जुन्या कलेनेच माणसे पुरविली.

बोलपटाने मंडळ्या का बसल्या, याचा साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका मंडळीत साठ माणसे आहेत. खेळ आठवड्यातून दोन किंवा तीन. जेवण मात्र सातही दिवस, दोन्ही वेळचे. गाव बदलायचे तर साठ माणसे, पडदे, पेट्या, वाद्ये हे सर्व रेल्वेने न्यायचे. पावसाने खेळ पडला तरी पगार चुकत नाही, आणि गवयाचा घसा बसला तर खेळच बसतो. याउलट बोलपट म्हणजे पत्र्याच्या डब्यांत बसणारी फीत. ती जेवत नाही, रुसत नाही, तिचा घसा बसत नाही. दिवसाला तीन खेळ, आणि एकाच दिवशी पुण्यात, मुंबईत, नागपुरात. तिकीट स्वस्त. नाटकगृहाच्या मालकाने मग काय करावे? त्याने रंगमंचापुढे पांढरा पडदा लावला. मंडळ्यांना प्रेक्षक कमी पडले हे खरेच. पण त्याआधी त्यांना उभे राहायला जागाच उरली नाही.

याच्या जोडीला अभिरुचीही पालटत होती. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले. त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. पुरुषाने शालू नेसून सुभद्रा व्हावे आणि साऱ्या महाराष्ट्राने मान डोलवावी, हा काळ मावळत होता. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटात एकनाथांची भूमिका केली. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. जन्मभर ज्यांना लोकांनी भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून पाहिले त्यांना पुरुषवेषात पाहणे प्रेक्षकांना रुचले नाही आणि बोलपटाचे तुकड्यातुकड्याने होणारे काम त्यांनाही मानवले नाही. प्रभातशी त्यांचा करार अनेक चित्रांचा होता, निघाले एकच. बळवंत मंडळीनेही बोलपटात उडी घेतली. 'कृष्णार्जुन युद्ध' काढले आणि त्यात तिचे हात पोळले. ललितकलादर्श १९३७ मध्ये बापूराव पेंढारकरांच्या निधनाबरोबर थांबली. चार-सहा वर्षांत एक अख्खे युग उठून गेले.

आता आधीच्या फुटी आणि ही मोड शेजारी ठेवून पाहा. पूर्वी मंडळी फुटली की एकीच्या दोन होत. आता फुटली की एकीची एकही उरेना. यावरून आम्हांला एक नियम दिसतो. भरतीच्या वेळी खडकावर आपटून लाट दुभंगली तरी तिचे दोन्ही भाग किनाऱ्याला लागतात. ओहोटीच्या वेळी दुभंगली तर वाळूत जिरते. भांडणे दोन्ही वेळी तीच असतात. पगाराची, मानाची, गळ्याची, हिशेबाची. फरक असतो तो पाण्याचा.

आणि ओहोटीचा एक क्रूर गुण असा, की ती दिसत नाही. मंडळीतल्या माणसाला प्रेक्षकांची ओस पडलेली रांग दिसते आणि शेजारचा सहकारी दिसतो. काळावर रागावता येत नाही, म्हणून तो सहकाऱ्यावर रागावतो. 'तू अत्तरावर उधळलेस म्हणून बुडालो', 'तू तालमीला उशिरा येतोस म्हणून रंगत गेली.' पुष्कळ जुन्या स्नेहांचा असा हकनाक बळी गेला.

जो जिंकला त्याची तरी गत काय झाली? प्रभात ही संस्थाही बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून फुटूनच १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली होती. भरतीची फूट! १९३३ मध्ये ती पुण्यास आली, १९३६ मध्ये आपल्या शेजारच्या देहूच्या तुकोबांवर तिने 'संत तुकाराम' काढला आणि त्या चित्राचा व्हेनिसला गौरव झाला. त्यात तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस हेही नाटक मंडळीतूनच आलेले. परंतु १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले, १९४५ मध्ये दामले वारले, आणि पुढच्या दशकात प्रभातचे दार बंद झाले. १९६० मध्ये त्या वास्तूत सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आली. नाटकाला मोडणारा बोलपट, आणि बोलपटाची मंडळीही त्याच तीन दारांनी मोडली.

मग काहीच उरले नाही काय? उरले, पण रूप पालटून. भालचंद्र पेंढारकरांनी १९४२ मध्ये ललितकलादर्श पुन्हा उभी केली आणि वडिलांच्या संस्थेला आणखी कित्येक वर्षांचे आयुष्य दिले. १९५४ मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि हौशी मंडळांचा काळ आला. नेमक्या त्याच सुमारास आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहत होती. पाठोपाठ आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे कारखाने आले. सातारा, नगर, विदर्भ, मराठवाडा येथून माणसे आली, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना बोलायला, गायला जागा हवी होती. कारखान्यांच्या नाट्यमंडळांनी ती दिली.

आम्हीही एका कारखान्याच्या अशा मंडळात होतो. पहिली पाळी सुटली की कँटीनच्या मागल्या खोलीत तालीम. सात वर्षे आम्ही दरवर्षी एक नाटक केले. पुढे पाळ्या बदलल्या, कायम कामगार कमी आणि कंत्राटी अधिक झाले, खोलीत भांडारगृह आले. पण आम्ही मंडळ मोडल्याचा दोष दिला तो आमच्या दिग्दर्शकाला. एका वाईट संध्याकाळी त्याच्या तोंडावर दिला. तो पुन्हा तालमीला आला नाही. बारा वर्षांनी त्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही भेटलो, तेव्हा दोघांनाही नेमके भांडण कशावरून झाले ते आठवेना. ओहोटी होती, आम्ही तिला माणसाचे नाव दिले होते.

याच्या उलटही उदाहरण आहे. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १९७२ च्या डिसेंबरात 'घाशीराम कोतवाल' केले. नाटकावर वादळ उठले, संस्थेने प्रयोग थांबविले आणि करणारी तरुण मंडळी बाहेर पडली. १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी काढली. पुढे १९८० मध्ये 'घाशीराम' युरोपला जाऊन आले. त्याचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी तेच होते. एका फुटीतून निघालेली वाट पन्नास वर्षांनी आपल्या गावात येऊन पोहोचली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आज आपण पिंपरीच्या अत्रे रंगमंदिरात किंवा चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहात नाटक पाहतो तेव्हा समोर बहुधा मंडळी नसते. एका नाटकापुरते जमलेले, प्रत्येक प्रयोगाला 'नाइट' घेणारे कलावंत असतात. यात रोजच्या पंगतीचा खर्च नाही आणि म्हणून कर्जाचा डोंगरही नाही. फुटण्यासारखे फारसे काही नसल्याने फूटही कमी. पण ते घरही नाही आणि ती शाळाही नाही. कोवळ्या मुलाला दहा वर्षे सांभाळून त्यातून गवई घडविण्याचे काम 'नाइट'च्या हिशेबात बसत नाही. ही त्या मोडीची खरी किंमत आहे, आणि ती आपण अजून देत आहोत.

तेव्हा ज्यांना आजही एकत्र येऊन काही करायचे आहे त्यांनी जुन्या मंडळ्यांकडून तीन गोष्टी घ्याव्यात असे आम्हांस वाटते. पहिली, हिशेब पहिल्या दिवसापासून लिहावा. मैत्री आहे म्हणून लिहायचा नाही असे नव्हे, तर मैत्री टिकावी म्हणून लिहायचा. दुसरी, दोन्ही बाजूंचे ऐकणारा एक माणूस जपावा आणि त्याच्या मागे दुसरा तयार करावा. तिसरी, एकाच गळ्यावर सारा भार टाकू नये. दुसरी फळी तालमीत असावी. एवढे केल्याने ओहोटी थांबेल असे नाही. पण निदान ओहोटी आली तेव्हा ती ओळखता येईल.

त्या दोन तरुणांना आता आमचे उत्तर असे आहे. बाबांनो, तुमच्यात चूक कोणाची हे ठरविण्याची घाई करू नका. प्रथम पाणी कोणत्या दिशेला आहे ते पाहा. तुमच्या गाण्याला ऐकणारे वाढत असतील, तर दोन बँड काढा. गंधर्वांनी आणि दीनानाथांनी तेच केले. ऐकणारेच पांगले असतील, शेडचे भाडे परवडत नसेल, पाळ्या जुळत नसतील, तर बँड थांबू द्या. मात्र माणूस जाऊ देऊ नका. केशवराव आणि नारायणराव एका रात्रीपुरते एकत्र आले, आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी ती रात्र लोक विसरले नाहीत.

हे लिहीत असताना त्यांतील एकाचा निरोप आला. बँड अजून मोडलेलाच आहे. पण गणपतीच्या आरतीला पाचही जण एका मांडवात होते, आणि ढोलकीवाला नव्हता म्हणून जुन्या ड्रमवाल्यालाच ढोलकी धरावी लागली. आम्हांला तेवढे पुरे वाटले.